सासऱ्यांचा बॉल आत

स्टॉकहोम
९ ऑक्टोबर १९८३

ती. मथुराआत्या,

साष्टांग नमस्कार. साष्टांग कागदावरच बरा, इथल्या फरशीवर आडवा पडलो तर पुन्हा उठेन याची खात्री नाही. थंडी सुरू झालीय.

सुखरूप पोचलो. तू बांधून दिलेलं बोंबलांचं पुडकं विमानतळावर कस्टमवाल्याने उघडलं, वास घेतला, माझ्याकडे बघितलं, आणि घाईघाईने परत बांधून दिलं. माझ्यामागे उभी असलेली रांग आपोआप दुसऱ्या काउंटरला गेली.

तू निघताना विचारत होतीस ना, "तुझ्या त्या शहरात माणसं करतात तरी काय?" आत्या, टेनिस खेळतात. दुसरं काही नाही. बस चालवणारा खेळतो, दात काढणारा खेळतो, चर्चमधला पाद्री खेळतो, आणि तोच सगळ्यांत जास्त चिडतो. त्यांच्या एका गड्याने विलायतेत जाऊन ओळीने कप जिंकून आणले तेव्हापासून हे खूळ शिगेला पोचलंय. रांगणाऱ्या पोरांच्या हातात रॅकेट देतात. माझ्या खोलीखाली एक गॅरेज आहे, त्याच्या दारावर शेजारची मुलगी शाळेतून आली की जेवणापर्यंत बॉल बडवते. हिवाळ्यात बाहेर बर्फ पडतो म्हणून कोर्टावर रबरी कापडाचा मोठा फुगा फुगवतात आणि त्याच्या पोटात शिरून खेळतात! कोर्ट मिळत नाही, वर्षानुवर्षं नंबर लावून बसतात. आमच्या टेनिसच्या हॉलमधला एक म्हातारा वारला, तर त्याने मृत्युपत्रात आपला मंगळवारचा तास जावयाला लिहून ठेवलाय. सख्खा मुलगा कोर्टात गेलाय. टेनिसच्या नव्हे, वकिलांच्या.

या सगळ्या लोकांच्या पांढऱ्या चड्ड्या आणि टॉवेल धुऊन इस्त्री करणारा एकच मनुष्य आहे, तो तुझा भाचा. धंदा जोरात आहे.

आता पत्राचं खरं कारण. गणपतीत तुझ्याकडे निळ्या साडीतली एक मुलगी आली होती. आरतीला टाळ बडवत होती, तालात नव्हे पण मनापासून. माझ्या हातून मोदक निसटला तो तिने जमिनीला लागायच्या आत झेलला, माझ्या ताटात ठेवला आणि हसली. आत्या, मला तीच पाहिजे. दुसऱ्या कुणाचा फोटो पाठवू नकोस.

तुझा,
पांडू


गुदैबिया, मनामा, बहरीन
२ नोव्हेंबर १९८३

चि. पांडू,

आशीर्वाद. सगळे देत नाही, थोडे लग्नाला राखून ठेवलेत.

"तीच पाहिजे" म्हणे! वांगी घ्यायला गेलास काय बाजारात? वर्षभर मी मुली सुचवत होते तेव्हा "घाई काय आहे" करत होतास आणि आता एका मोदकात गुडघ्याला बाशिंग!

तर ऐक. ती आडिवरेकरांची रखमा. इथेच सनद गावात राहतात. वडील एका कंपनीत स्टोअरकीपर आहेत, आई काशीबाई, आपल्याच बाजूची माणसं, राजापूरकडची. मुलगी ऑफिसात टायपिस्ट आहे. शिक्षण इथलंच, त्यामुळे मराठी सगळं कळतं पण उत्तर इंग्लिशमध्ये देते. मी म्हटलं, "बाय, चहा घे." म्हणाली, "नो थँक्यू, आत्या." निदान आत्या तरी म्हणाली. आजीचं नाव ठेवलंय तिला. पांडुरंग आणि रखमा! तुझे काका म्हणाले, आता पत्रिका बघायची काही गरज नाही, हे वरूनच ठरून आलंय.

गेल्या शुक्रवारी आमच्या शेजारच्या खदिजाला सोबत घेऊन सनदला गेले. ती रत्नागिरीची, बोलायला एक नंबर. आडिवरेकर वर्तमानपत्र वाचत होते, मान वर केली नाही. "मुलगा काय करतो?" मी म्हटलं, "स्टॉकहोमात असतो, टेनिसमध्ये आहे."

अरे, वर्तमानपत्र खाली पडलं! उभे राहिले! म्हणाले, "टेनिसमध्ये? स्टॉकहोमात?" आता मी "टेनिसच्या हॉलच्या लाँड्रीत" असंच म्हणणार होते, पण तोंडात काशीबाईंचा बेसनलाडू होता, आणि लाडू उतरेपर्यंत खदिजा म्हणाली, "जमातीत नाव हाय त्याचा!" कुठल्या जमातीत ते तिचं तिला ठाऊक.

मग आडिवरेकरांनी अट घातली. "पत्रिका नको, फोटो नको. माणूस पत्रिकेत कळत नाही, नेटपलीकडे उभा केला की कळतो. माझ्याशी एक सेट खेळू दे, मग पुढचं बोलू. आणि नाव पांडुरंग आहे म्हणून सांगतो, कमरेवर हात ठेवून उभा राहणारा मला नको."

मी म्हटलं, "छे हो, आमचा पांडू म्हणजे चार हातांनी खेळतो."

शब्द देऊन बसले. आता माझी अब्रू तुझ्या हातात आहे. चारही.

मथुराआत्या


स्टॉकहोम
२५ नोव्हेंबर १९८३

आत्या!

नमस्कार नंतर. हे काय करून ठेवलंस तू?

मी टेनिसमध्ये नाही, माझे कपडेही टेनिसमध्ये नाहीत, लोकांचे कपडे टेनिसमध्ये आहेत आणि मी इस्त्रीवर आहे! लहानपणी विटीदांडू खेळताना विटी मलाच लागायची, विसरलीस? डोक्यावर अजून खूण आहे. मी रॅकेट हातात धरलीय ती फक्त एकदा, कुणीतरी मळक्या टॉवेलात गुंडाळून विसरलं होतं म्हणून.

तरी तुझ्या अब्रूसाठी आज आमच्या हॉलच्या काउंटरवर गेलो आणि म्हटलं, मला एक तास कोर्ट पाहिजे. तिथल्या बाईने जाडजूड वही काढली, माझं नाव लिहिलं आणि माझं वय विचारलं. मी सांगितलं. तिने मान डोलावली आणि म्हणाली, "तरुण आहात, मिळेल."

तू लगेच सनदला जा आणि खरं काय ते सांग. रागावले तर माझं नशीब. पण खोट्यावर उभं राहिलेलं मला नको. रखमाला कळलं तर ती काय म्हणेल? इंग्लिशमध्ये म्हणेल आणि मला ते पुरतं कळणारही नाही.

पांडू


गुदैबिया
२० डिसेंबर १९८३

चि. पांडू,

सांगायलाच गेले होते रे बाबा. पण दारात काशीबाईंनी गाठलं. हळूच म्हणाल्या, "मथुराताई, गेली पाच वर्षं हे कुठल्याच स्थळाला बसा म्हणत नाहीत. तुमच्या भाच्याचं नाव काढलं तर काल स्वतःहून विचारलं, 'रॅकेट कुठल्या वजनाची वापरतो?' तुम्ही काही बिघडवू नका." मग मी चहा पिऊन आले.

मी तुला खोटं बोलायला सांगत नाही. फक्त जरा उशिरा खरं बोल.

आता समोरचा माणूस कोण आहे तेही समजून घे. त्यांच्या कंपनीच्या क्लबात सिमेंटचं एक कोर्ट आहे. संध्याकाळ साहेब लोकांची. आपल्या माणसांना शुक्रवारी दुपारी एक ते चार, म्हणजे इथे कावळासुद्धा सावली सोडत नाही तेव्हा. त्या वेळेला आडिवरेकर पांढरी टोपी घालून हजर! कुणाशी खेळतात देव जाणे, मी कशाला बघायला जाते उन्हात. तुझे काका म्हणतात, एकदा एक गडी कमी पडला म्हणून साहेबाने यांना बोलावलं, तर बॉल आत की बाहेर यावरून यांनी साहेबाशी वाद घातला. खिशातून स्टोअरची टेप काढून मोजून दाखवलं! महिनाभर क्लबात पाऊल ठेवायची बंदी झाली. तरी म्हणतात, "बंदी झाली, पण बॉल बाहेरच होता."

आमच्याकडे कॅरम खेळायला आले होते तेव्हा एका सोंगटीवरून काकांशी इतके भांडले की दोघांचीही खिमापाव खायची वासना गेली. मी आणि खदिजाने खाल्ला. असा माणूस. स्वतःच्या बायकोला एक सोंगटी सोडत नाही, तुला काय सोडणार?

तेव्हा शीक. काहीही कर, पण शीक. मुलगी हिरा आहे.

मथुराआत्या


स्टॉकहोम
१२ फेब्रुवारी १९८४

ती. आत्या,

शिकतोय. हसू नकोस.

आमच्या हॉलमध्ये एक आजीबाई येतात. सत्तरी कधीच ओलांडली. सकाळी सहाचा तास त्यांचा, कित्येक वर्षांपासूनचा, बर्फ पडो नाही तर आभाळ. त्यांच्या मैत्रिणीचं खुब्याचं हाड मोडलं आणि आजींना जोडीदार उरला नाही. रोज येऊन कोर्टाच्या कडेला नुसत्या बसायच्या, कारण तास सोडला तर तो गेलाच! मी टॉवेल ठेवायला गेलो तर मला म्हणाल्या, "तुम्हाला दोन हात आहेत का?" मी म्हटलं, आहेत. "मग या."

आत्या, ती बाई मला कुत्र्यासारखी पळवते. स्वतः जागची हलत नाही. एक बॉल असा टाकते की नेटपलीकडे पडून तिथेच बसतो, आणि दुसरा इतका उंच की मी वर बघत मागे जातो, मागे जातो, आणि फुग्याच्या भिंतीवर जाऊन आदळतो. मला तेच दोन प्रकार आले आहेत. ताकदीचा फटका त्यांनाच येत नाही, तर मला कुठून शिकवणार? म्हणजे मी टेनिस शिकलोय, पण सत्तर वर्षांच्या बाईसारखं.

एक मात्र चांगलं शिकलो. इथे पंच नसतो, आपल्या बाजूला पडलेला बॉल आत की बाहेर ते आपणच सांगायचं. आजी म्हणतात, "शंका असली की बॉल समोरच्याचा." मंगळवारच्या तासासाठी भावाबहिणीची डोकी फोडतील, पण बॉल चोरणार नाहीत. मला हे फार आवडलं.

आणि आडिवरेकरांना मी लाँड्रीचं सांगणार. खेळायच्या आधी, समोर उभा राहून. तू मध्ये पडू नकोस.

रखमाबद्दल काही लिहीत नाहीस. दिसते का? हसते का?

पांडू


गुदैबिया
१८ एप्रिल १९८४

चि. पांडू,

दिसते, हसते, आणि आता तुझ्या हातून जायला बसलीय.

दुबईहून स्थळ आलंय. कंत्राटदाराचा मुलगा, स्वतःची गाडी, घरात दोन एअर कंडिशनर. काशीबाई दोन्ही एअर कंडिशनरांबद्दल फार प्रेमाने बोलल्या. आडिवरेकरांनी त्यालाही तेच सांगितलं: या, सेट खेळा, मग बोलू. तो म्हणे कॉलेजात खेळायचा. ऑगस्टमध्ये येतोय. तेव्हा तू जुलैत ये. उन्हाची काळजी करू नकोस, वितळलास तर आम्ही बाटलीत भरून पाठवू.

तुझे काका हल्ली हमद टाउनच्या नव्या घरांत नळ बसवायला जातात. तिथे इतके राउंडअबाउट केलेत की परवा तीन वेळा त्याच एका दुकानासमोरून गेले. चौथ्यांदा दुकानदाराने हाका मारून चहा पाजला. तरी विमानतळावर तुला घ्यायला तेच येतील, तेव्हा विमानात नीट जेवून ये.

आता मुख्य गोष्ट. वडीलधाऱ्या माणसाला हरवून त्याचीच मुलगी नेलेला जावई मी अजून बघितला नाही. तेव्हा जिंकू नकोस. आणि हरलास तर म्हणतील, नेभळट आहे, पोरीला काय सांभाळणार. तेव्हा हरूही नकोस. बाकी कसं खेळायचं ते तुझं तू बघ, मला त्यातलं कळत नाही.

रखमाला मी तुझं पत्र आल्याचं सांगितलं. म्हणाली, "ओके." पण दोनदा म्हणाली.

मथुराआत्या


स्टॉकहोम
३ जून १९८४

ती. आत्या,

रजा मंजूर. जुलैत हे अख्खं शहरच रजेवर असतं. आधी गावी आईकडे, मग परतताना तीन दिवस तुझ्याकडे. शुक्रवार वीस जुलैला दुपारी सेट, त्याच रात्री विमान.

आजींनी आपली जुनी रॅकेट दिली. म्हणाल्या, "लग्नासाठी खेळणार? मी पण खेळले होते." मी विचारलं, जिंकलात? म्हणाल्या, "नवरा चांगला होता." म्हणजे काय ते कळलं नाही.

जिंकू नको, हरू नको! आत्या, तू पंच असतीस तर बरं झालं असतं.

रात्री झोप नाही. खाली ती मुलगी बॉल बडवत असते आणि मला प्रत्येक ठोक्याला "दुबई, दुबई" ऐकू येतं.

पांडू


स्टॉकहोम
२६ जुलै १९८४

ती. आत्या,

पोचलो. दुसरं चांगलं काही लिहिण्यासारखं नाही.

विमानतळावर तू सारखी विचारत होतीस, काय झालं, काय झालं, आणि मी नुसता पासपोर्ट चाळत होतो. तू आणि काशीकाकू सावलीत सरबत करत होतात, तुम्हाला लांबून नुसता आरडाओरडा ऐकू आला असेल. आता शांतपणे लिहितो म्हणजे तुला कळेल की तुझ्या भाच्याने कसं हातचं घालवलं.

आधी मी ठरवल्याप्रमाणे सांगितलं. "काका, मी टेनिसच्या हॉलमध्ये लाँड्रीत काम करतो. कपडे धुतो, इस्त्री करतो." त्यांनी बुटाची नाडी बांधता बांधता माझ्याकडे बघितलं आणि म्हणाले, "मी विचारलं होतं खेळतोस का. धुतोस का ते काशीबाई विचारेल. सर्व्हिस कर."

रखमा मोठी टोपी घालून शिडीवर बसली होती, स्कोअर सांगायला. सिमेंट असं तापलेलं की बुटाचे तळवे चिकटत होते. मी आजींचे दोन्ही प्रकार बाहेर काढले. जवळचा टाकला, उंच टाकला. उंच बॉलला ते वर बघायचे, तर डोळ्यांत सूर्य! तोंडात शिव्या आल्या असतील पण जावयासमोर म्हणून गिळल्या असाव्यात. जावई कसला, माझी आपली कल्पना. त्यांच्या फटक्यांत जोर होता, माझ्या पायांत होता. पाच-पाच झालं. तुझं ऐकलं म्हण, ना जिंकत होतो ना हरत होतो.

मग त्यांचा एक बॉल माझ्या मागच्या रेषेबाहेर पडला. बाहेर होता, आत्या. पण वडील माणूस, घामाने निथळतोय, टोपीतून पाणी गळतंय, आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "आत!"

ते नेटपाशी आले. "काय म्हणालास?"

"आत होता, काका. तुमचा पॉइंट."

"मला डोळे आहेत. बाहेर होता."

"नाही हो, आत होता."

खिशातून टेप काढली! माझ्या बाजूला आले, धुळीत बॉलची खूण होती ती मोजली आणि म्हणाले, "दोन बोटं बाहेर! आजवर कुणाचा फुकटचा पॉइंट घेतला नाही, तुझा घेऊ?" मी म्हटलं, माझ्या बाजूचा बॉल, मी सांगेन तेच खरं, नियम आहे. ते लालबुंद होऊन मागे गेले.

पुढचा माझा बॉल चांगला हातभर बाहेर गेला. ते ओरडले, "आत!"

मी धावत नेटपाशी गेलो. "काका, बाहेर होता!"

"माझ्या बाजूचा बॉल! मी सांगेन तेच खरं!"

"पण तुम्ही बघितला ना?"

"तू बघितला होतास तेव्हा?"

आणि मग आत्या, आम्ही दोघं नेटच्या दोन बाजूंना उभं राहून मानेच्या शिरा ताणून भांडलो. ते म्हणतायत तुझा आत, मी म्हणतोय तुमचा आत. क्लबचा वॉचमन हारून पळत आला, त्याला वाटलं मारामारी. कारण कळल्यावर तो कपाळाला हात लावून खाली बसला आणि म्हणाला, "यल्ला, कोई तो बेईमानी करो, खलास करो!"

शेवटी दोघांनी शिडीकडे बघितलं. काका म्हणाले, "रखमा, तू सांग." ती शिडीवरून उतरली. टोपी काढली. आणि पहिल्यांदाच मी तिचं मराठी ऐकलं. म्हणाली, "तुम्ही दोघंही खोटं बोलताय."

तेवढ्यात चार वाजले, साहेब लोक रॅकेटी घेऊन दारात. कोर्ट सोडावं लागलं. काकांनी टेप गुंडाळली, पिशवी उचलली आणि तडक गाडीकडे गेले. सरबत घेतलं नाही, माझ्याकडे वळून बघितलं नाही.

तिने मला खोटारडा म्हटलं, आत्या. तेही मराठीत. एका माणसाला आयुष्यभर खोट्या बॉलचा राग, आणि मी त्यालाच खोटा बॉल दिला. दुबईवाल्याला माझ्या शुभेच्छा कळव. नको, कळवू नकोस. त्याचं विमान चुकू दे.

पांडू


गुदैबिया
२२ ऑगस्ट १९८४

चि. पांडू,

मूर्ख! शतमूर्ख! आशीर्वाद.

आता खाली बस आणि वाच. उभा असशील तर पडशील.

त्या शुक्रवारी आडिवरेकर घरी गेले ते गप्प. जेवण नाही, बातम्या नाहीत. पुढच्या शुक्रवारी कोर्टावरही गेले नाहीत, तेव्हा काशीबाई घाबरल्या. त्यांना वाटलं, ऊन लागलं, डॉक्टरकडे न्यायला हवं. शेवटी खोदून खोदून विचारलं तेव्हा म्हणाले, "काशी, मी त्या पोराचा बाहेरचा बॉल आत दिला. हातभर बाहेर होता. माझ्या तोंडून कसा गेला मला कळत नाही."

काशीबाई हसायला लागल्या त्या थांबेचनात. म्हणाल्या, "तीस वर्षं संसार केला, मला एक सोंगटी सोडली नाहीत. सख्ख्या भावाला सोडली नाहीत. साहेबापुढे नोकरी पणाला लावलीत. आणि या पोराला हातभर? अहो, जावई झाला तो तुमचा! तुम्हाला तेवढं कळायचं राहिलंय."

मग तो दुबईवाला आला. उंच, गोरा, पायात नवे बूट. खेळायला खरंच चांगला होता, तुझ्यासारखा म्हातारीचा खेळ नव्हे. आडिवरेकरांचे तीन बॉल रेषेवर पडलेले "बाहेर" म्हणून सांगितले आणि सेट सहज जिंकला. हात मिळवला. काशीबाईंनी त्याला सरबत दिलं, त्याने ते घेतलं. आडिवरेकर म्हणाले, "छान खेळलात." जिंकला आणि घरी गेला. दोन्ही एअर कंडिशनर घेऊन.

आणि आता खरी गंमत. तो सेट बघायला मी गेले होते, छत्री घेऊन. दुबईवाला यायच्या आधी आडिवरेकर हात मोकळे करत होते, आणि पलीकडून बॉल कोण मारत होतं? रखमा! पदर खोचून, अशी धावत होती की मी छत्री मिटायची विसरले. लहानपणापासून दर शुक्रवारी उन्हात यांच्यासमोर तीच उभी असते, दुसरं कुणी येतच नाही. आणि मी इतके महिने म्हणतेय, कुणाशी खेळतात देव जाणे! खदिजाला माहीत होतं. म्हणाली, "तुम्ही विचारलात कधी?"

मी रखमाला बाजूला घेतलं. म्हटलं, बाय, तू आमच्या पांडूला खोटारडा म्हणालीस? तर चक्क मराठीत बोलली. "आत्या, मला बाबांनी आजवर एक बॉल दिला नाही. मी सात वर्षांची असताना पण नाही. रडले तरी नाही. आणि त्याला दिला! मला राग आला." मी म्हटलं, राग आला तर मग नको ना? तर परत इंग्लिशवर गेली. म्हणाली, "आय डिडंट से दॅट."

ते मला कळलं. खदिजालाही कळलं. तू आता कळून घे.

काल आडिवरेकर स्वतः आमच्याकडे आले. पाव तास नुसता चहा ढवळला. मग म्हणाले, "मुलाचा पत्ता द्या. मी लिहितो." मी दिला. काय लिहिणार ते मला सांगितलं नाही. खोदून विचारू नये म्हणून मीही विचारलं नाही. फार विचारावंसं वाटलं.

गावी आईला तार केलीय. तू हसत असशील तर आता दात मिटून घे, तिकडे थंडी सुरू होईल.

तुझी,
मथुराआत्या


सनद, बहरीन
२१ ऑगस्ट १९८४

चि. पांडुरंग यास,

मला पत्र लिहायची सवय नाही. ऑफिसात माल आला, माल गेला, एवढंच लिहितो. तेव्हा सरळ लिहितो.

एक: तो माझा बॉल बाहेर होता. दोन बोटं. तुझाही बाहेर होता. याबद्दल पुन्हा वाद नको.

दोन: लाँड्रीबद्दल काशीबाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, माझ्या टोपीचे डाग निघत नाहीत, त्याचं बघ.

तीन: सगळे मला विचारतात, मुलीच्या लग्नाला ही असली कसली अट. मी म्हणतो, माणूस नेटपलीकडे कळतो. लोकांना ते पटतं. पण ते खरं कारण नाही. खरं म्हणजे मला वाटलं होतं, शुक्रवारी भर दुपारी एक वाजता कोणी येणारच नाही. पाच वर्षं कोणी आलंही नाही. मला बरं वाटायचं. तू आलास. जुलैत आलास. इस्त्री करणारा माणूस, पाच महिने एका म्हातारीकडून शिकून आलास.

रखमा तुला दिली. तिला विचारलं, तिचंही हो आहे. लग्न गावी, दिवाळीनंतर. बाकीचं मथुराताई ठरवतील, त्या कोणाला बोलू देणार नाहीतच.

माझं मी बघेन. हारूनला शिकवायला घेतलंय. त्याला धावायचा कंटाळा आहे. बॉल जिथे पडेल तिथे जाऊन बसतो आणि हातात आणून देतो.

आणखी एक. तिचा बॅकहँड माझ्यापेक्षा चांगला आहे. गेली तीनचार वर्षं ती मला त्याच्यावरच हरवते. हे मी तिला कधी बोललो नाही. नेहमी म्हणालो, मनगट वाकतंय. मनगट वाकत नाही. आता मला सांगायला जमणार नाही.

तू सांग.

आपला,
आडिवरेकर